दहा मीटरचा पंखा

डाग्नीकाकूंना थोडंसं जरी खोटं बोलता आलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. एक आकडा वाढवून लिहायचा होता, एवढंच. पण बाई पडल्या प्रामाणिक, आणि प्रामाणिक माणूस शेजारी असला की काय काय भोगावं लागतं, ते आम्ही ट्रानमोस गावच्या लोकांनी १९७६च्या उन्हाळ्यात पुरेपूर भोगलं.

आमच्याकडे विजेचं मीटर बघायला कुणी येत नाही. जूनमध्ये सहकारी वीजसंस्थेकडून घरोघर एक हिरवं कार्ड जातं. ज्याने त्याने आपापल्या मीटरचा आकडा बघायचा, कार्डावर लिहायचा आणि पोस्टात टाकायचा. ते खरं की खोटं, कुणी तपासत नाही. तपासलं तर संशय घेतल्यासारखं होईल, आणि आमच्या या बारमाही वाऱ्याच्या पश्चिम युटलंडमध्ये माणसावर संशय घेणं हे त्याच्या घरची कॉफी नाकारण्याइतकंच वाईट. मी या संस्थेचा वायरमन, प्रेबेन. संस्थेत वायरमन एकच असल्यामुळे मुख्य वायरमनही मीच, आणि माझ्या हाताखालचा माणूसही मीच. दोघांचं एकमेकांशी बरं चालतं.

तर डाग्नीकाकूंनी मीटर बघितलं आणि कार्डावर लिहिलं: ४५,१९८.

मागल्या वर्षीचा त्यांचा आकडा होता ४८,२१०.

म्हणजे काकूंच्या, बुंडगोरांच्या, घराने वर्षभर दिवे लावले, धुण्याचं यंत्र चालवलं, दर रविवारी भट्टीत मांस भाजलं, आणि एवढं सगळं करून वीज वापरली उणे तीन हजार बारा युनिट.

संस्थेचे अध्यक्ष वाल्डेमार टोफ्टगोर. गावात सगळ्यात जास्त डुकरं त्यांची, त्यामुळे एकोणीस वर्षं अध्यक्षही तेच. सगळी कार्डं ते स्वतः वाचतात. हे कार्ड त्यांनी दोनदा वाचलं, पाइप झटकला आणि म्हणाले, "बाईंचा चष्मा बदलायला झालाय." कार्डावर 'कृपया पुन्हा बघावे' असं लिहून परत पाठवलं.

काकूंनी पुन्हा बघितलं. मधल्या चार दिवसांत वारा चांगला होता. ४५,०६१.

अध्यक्षांनी पुन्हा कार्ड परत पाठवलं. या वेळी 'कृपया' गाळलं. काकूंनी चष्मा पुसला, स्टुलावर चढल्या, मीटरला नाक लावून आकडा वाचला. ४४,९७०. खाली त्यांनी टीप लिहिली: 'काय ते एकदा ठरवा. तुम्ही जितक्या वेळा विचारता तितका तो कमी होतो.'

आता यात माझा हात किती, ते आधी सांगून टाकतो.

डाग्नीकाकूंचे यजमान आयनारकाका लाकडी जोडे करत. चाळीस वर्षं त्यांनी सगळ्या तालुक्याचे पाय कोरडे ठेवले. मग बाजारात रबरी बूट आले आणि तालुक्याने एका पावसाळी आठवड्यात काकांना विसरून दाखवलं. पुढे तेल महागलं. सरकारने रविवारी मोटार चालवायला बंदी घातली. त्या हिवाळ्यात सगळा देश रिकाम्या रस्त्यांवर सायकली फिरवत मजा करत होता, आणि आयनारकाका अंगणात उभे राहून वारा ऐकत होते. तिसऱ्या रविवारी ते आत आले आणि म्हणाले, "डाग्नी, हे सगळं वाया चाललंय."

काकूंना वाटलं नळ गळतोय. त्या बंद करायला उठल्या.

वीज करणारी पवनचक्की उभारायला काकांना दीड वर्ष लागलं. भंगारातल्या ट्रकचा गिअर, बंद पडलेल्या लाकूडगिरणीची मोटर, आणि पाती स्वतः कोरलेली, जोडे कोरायच्या त्याच सुऱ्यांनी. पण चाळीस वर्षं जोडे केले की हाताला एक वळण पडतं. पहिलं पातं झालं डावं. मग हाताने आपण होऊन दुसरं केलं उजवं. तिसऱ्याला मात्र हात थबकला, कारण तिसरा पाय त्याने कधी पाहिला नव्हता. काकांनी दोन तर दोन म्हणून तीच चढवली. एक पातं चक्कीला इकडे ओढू लागलं, दुसरं तिकडे, आणि चक्की भर वाऱ्यात एका जागी उभी राहून नुसती थरथरत राहिली.

"हिचं लग्न झालेलं दिसतंय," काकू म्हणाल्या.

मग काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिन्ही डावी कोरली. चक्की फिरली.

राहिली तार. या चक्कीला आमच्या तारेचा आधार लागतो. तारेला जोडलेली असली की वारा मोटरीला ढकलतो आणि मोटर वीज तारेत ढकलते. तार तोडली तर पात्यांना धरून ठेवणारं कुणी उरत नाही, ती उधळतात. म्हणजे तार गेली की चक्की उतरवून सरपण करायचं, दुसरा इलाज नाही. म्हणून मी जोडणीचा अर्ज घेऊन गेलो.

अर्जावर रकाने होते: चूल, धुण्याचं यंत्र, दूध काढायचं यंत्र, पंखा, इतर. 'इतर'ची भानगड संचालक मंडळापुढे जाते आणि तिथून परत येत नाही.

"काका, हे काय आहे म्हणून लिहू?"

"चक्की."

"चक्कीचा रकाना नाही."

"मग आख एक."

"रकाना आखायला सर्वसाधारण सभा लागते."

"मग तुला दिसतंय ते लिही, पोरा. मला ग्रीस लावायचंय."

मला एक खांब, एक मोटर आणि तीन पाती दिसत होती. डुकरांच्या शेडमधले असे पंखे मी आठवड्याला दोन-तीन मंजूर करतो. मी 'पंखा'वर खूण केली. जागा: घराबाहेर. व्यास: दहा मीटर. अध्यक्षांनी सही केली. ते व्यासाचा रकाना वाचत नाहीत, कारण एकोणीस वर्षांत एकाही डुकराने व्यासाबद्दल तक्रार केलेली नव्हती.

चक्की अर्थात सगळ्या गावाला दिसत होती. पण म्हातारपणी लोक बागेत चिनीमातीचे बुटके बाहुले मांडतात, याने हे मांडलं, असं समजून गावाने काकांना माफ केलं होतं. ती विजेच्या तारेला जोडलेली असेल, हा विचार ट्रानमोसमध्ये कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या कार्डानंतर अध्यक्ष स्वतः आले. मला सोबत घेऊन आले, साक्षीदार म्हणून. मीटर बुंडगोरांच्या मागल्या दाराशी आहे. आतली चकती संथपणे, अगदी सभ्यपणे, उलटी फिरत होती. अध्यक्षांनी काचेवर टकटक केलं. मग मान वाकडी करून खालून बघितलं, खालून तरी सुलटी दिसते का.

"आयनार, हे उलटं फिरतंय."

"हो." काका आणि अध्यक्ष शाळेत एका बाकावर बसायचे. तेव्हापासून त्यांचं बोलणं इतपतच.

"कधीपासून?"

"वारा सुटल्यापासून."

"वारा कधी सुटला?"

"हिमयुग संपल्यावर," काकू स्वैपाकघरातून म्हणाल्या.

अध्यक्षांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "मग ही वीज जाते कुठे?"

काकांनी बोट दाखवलं. तार अंगणातून रस्त्यावर जात होती, रस्त्याने दोन खांब पुढे, आणि तिथून थेट टोफ्टगोरांच्या शेडमध्ये. "पहिलं घर तुझंच आहे."

अध्यक्षांनी बोटाने खांब मोजले.

"म्हणजे माझ्या डुकरांचे पंखे तुझ्या विजेवर चालतात?"

"मी काही मागितलंय का तुझ्याकडे?"

"तेच तर! मागायचं होतंस! वर्षभर न मागता देतोयस?" अध्यक्षांचा आवाज फाटला. "आयनार, एकोणीस वर्षं मी या गावात कुणाच्या पैशाची बिअर प्यायलो नाही. आणि तू माझ्या आठशे डुकरांना मिंधं करून ठेवलंस!"

एवढं बोलून ते घरी गेले आणि त्यांनी जिल्ह्याच्या मोठ्या वीजकंपनीला पत्र लिहिलं.

उत्तर आठ दिवसांत आलं. इंजिनियर लाउगे ब्रिक्स यांनी कळवलं होतं, की तारेत वीज सोडतो तो कुणीही असो, तो वीजनिर्मिती केंद्र होय. अशा केंद्राला एक संचालक, एक रात्रीचा पहारेकरी, सभोवार कुंपण आणि कामगारांसाठी गरम पाण्याची न्हाणी असणं आवश्यक आहे. परवाना नसल्यास केंद्र बंद. ते स्वतः शनिवार, चौदा ऑगस्ट रोजी दुपारी दोन वाजता येतील. मीटर उलटं फिरताना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसलं तर तार जागच्या जागी तोडण्यात येईल. न दिसल्यास तक्रार निकालात काढण्यात येईल.

डाग्नीकाकूंनी त्याच संध्याकाळी यादी भरून पाठवली. संचालक: आयनार. कुंपण: गुलाबांचं आहे. न्हाणी: आहे, पण बूट काढून यावं लागतं. रात्रीचा पहारेकरी: मला तशीही झोप कमीच. परवाना अर्थातच आला नाही.

मी काकांकडे गेलो. ते शिडीवर होते.

"काका, सोपं आहे. शनिवारी सकाळी ब्रेक लावून ठेवा. चक्की उभी राहील, मीटर थांबेल, साहेब केक खाऊन जातील."

"ब्रेक?" काका एक-एक पायरी उतरून खाली आले. "दीड वर्ष मी हिला फिरवायला घालवलं. आणि ज्याला यातलं काही कळतं असा पहिला माणूस अंगणात येतोय, त्याला उभी दाखवू?"

"फिरताना बघितली तर तो तोडेल हो!"

"नाही तोडणार."

"पत्रात लिहिलंय, काका."

"पत्र बघायच्या आधी लिहिलंय ना? बघितल्यावर नाही तोडवणार त्याला."

इंजिनियर जमातीवर इतका विश्वास टाकलेला माणूस मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आमच्याकडे शनिवारी दुपारी दोनला वारा असणारच होता. वाऱ्याला त्या दिवशी दुसरं काही काम असल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणजे मीटर उलटं फिरणार, साहेब बघणार, तार तुटणार, आणि सोमवारी काका आपल्या तीन डाव्या पात्यांचं सरपण करणार. मी घरी जाऊन, इतक्या वर्षांत प्रथमच, वारा पडावा अशी प्रार्थना केली. पाद्रीसाहेबांना कळलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे पाठवलं असतं.

शुक्रवारी संध्याकाळी वारा पडला.

लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. काहीतरी ऐकू येत नव्हतं, आणि काय ते कुणाला सांगता येईना. दोन सायकलवाले सवयीप्रमाणे पश्चिमेकडे कलले आणि पडले. त्या उन्हाळ्यात महिनाभर पाऊस नव्हता, गवताचा पापड झाला होता. आता वाराही गेल्यावर शनिवारी सकाळी दहालाच पारा तिशीच्या वर चढला.

मला हायसं वाटलं. मग मी काकांना पाहिलं. ते चर्चला जायचा कोट घालून चक्कीखाली उभे होते आणि वर बघत होते. तिन्ही पाती वाळत घातलेल्या चादरींसारखी निपचित होती. त्यांनी बोट ओलं करून हवेत धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग कोटाला पुसलं.

दोन वाजता संचालक मंडळ आलं, सातही जण, काळ्या लोकरी सुटांत, कारण सभेला आणि अंत्यविधीला ते दुसरं काही घालत नाहीत. इंजिनियर ब्रिक्स आले. उंच, टाय बांधलेले, हातात चामड्याची बॅग. बॅगेतून त्यांनी कागद, पेन आणि तार तोडायची मोठी पक्कड काढून टेबलावर ओळीने मांडली. मग गाव आलं. गावाला कुणी बोलावलं नव्हतं, पण केक होते.

चक्कीच्या मागच्या बाजूला सावलीत लांब टेबल टाकलेलं होतं. डाग्नीकाकूंनी सात प्रकारचे केक केले होते. सातही चाखल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत, आणि ती वीजकंपनीच्या नियमांपेक्षा जुनी आहे. साहेब बसले. पहिल्या केकवरची साय वितळून त्यांच्या बशीत ओघळत होती. अध्यक्षांच्या कपाळावरून घामाची धार निघून मिशीत मुरत होती.

"हे फिरतं म्हणतात," अध्यक्ष म्हणाले.

"तिन्ही पाय डावे ना, म्हणून चालेना," मागून कुणीतरी म्हणालं.

"आयनार, जरा फुंकर तरी मार!"

लोक हसले. काकांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

साहेबांनी दुसरा केक संपवून घड्याळ बघितलं. "बुंडगोर, यंत्र सुरू करा. थांबलेल्या यंत्राचा अहवाल मला लिहिता येत नाही."

"वारा नाही, साहेब."

"सुरू करायची कळ आहे ना?"

"आहे. पण..."

"पण काय?"

पण काय, ते त्या अंगणात फक्त काकांना आणि मला माहीत होतं. वारा नसताना कळ दाबली तर मोटर तारेतली वीज खेचून घेते आणि पाती स्वतः फिरवते. म्हणजे जी चक्की गावाला वीज देते ती गावाची वीज खाऊन नुसती गरगरणार. त्यापेक्षा तार तुटलेली परवडली, असं काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"कळ दाबा," साहेब म्हणाले.

काकांनी कळ दाबली.

मोटर घुमली. पाती हलली, मग वळली, मग त्यांची एक चकती झाली. आणि टेबलावर वारा आला.

आधी कागदी रुमाल उडाले. मग साहेबांचा टाय खांद्यावर जाऊन बसला. काळ्या सुटांतल्या सातही जणांनी गळ्याची गुंडी सोडली. खजिनदारांनी डोळे मिटले. अध्यक्षांनी, बायकोसमोरसुद्धा कधी काढला नसेल, तो कोट काढला आणि दोन्ही हात जरा लांब धरले. अंगणभर पसरलेलं गाव, कुणी काही न सांगता, सरकत सरकत टेबलामागे गोळा झालं.

साहेब उठून मीटरपाशी गेले. "सुलटं फिरतंय," ते म्हणाले. "आणि चांगलंच जोरात. अर्जात काय लिहिलंय?"

मी अर्ज दिला.

"पंखा," त्यांनी वाचलं. "घराबाहेर. दहा मीटर." त्यांनी वर पात्यांकडे बघितलं, खाली अर्जाकडे बघितलं आणि टाय खांद्यावरून काढला. टाय परत खांद्यावर गेला. "अध्यक्ष, तुमची तक्रार नक्की काय होती?"

"हे यंत्र वीज देतं!"

"मला तर ते घेताना दिसतंय."

अध्यक्षांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांना उमगलं, की हे वीज खाणारं यंत्र असेल तर आपल्या डुकरांवर कुणाचेच उपकार नाहीत, आणि ते हसायला लागले. इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "आयनार! अरे, दीड वर्ष खपून तू पंखा केलास! पश्चिम युटलंडमध्ये! पंखा!"

मग सगळंच अंगण हसलं. हसणं समजण्यासारखं होतं. वाऱ्याच्या मुलखात पंखा करणं म्हणजे नळाखाली बसून विहीर खणणं, आणि अशी गोष्ट आम्ही आजवर ऐकलेली नव्हती.

"सदर यंत्र पंखा आहे, असं इतिवृत्तात घेऊ?" साहेबांनी विचारलं.

"घ्या!" अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले. "मोठ्या अक्षरांत घ्या! मी सही करतो!" आणि केली.

"आता मालकाची. 'सदर यंत्र पंखा आहे, हे मला मान्य आहे.' इथे."

काका जागचे हलले नाहीत. "ही चक्की आहे," ते म्हणाले.

हसणं थांबलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पक्कड उचलली. रागाने नाही, एखादा काटा-चमचा बदलावा तशी. "बुंडगोर, माझ्याकडे दोनच वस्तू आहेत. चक्की असेल तर ते बिनपरवाना केंद्र, त्याला ही. पंखा असेल तर ते पेन."

काका साहेबांकडे बघत राहिले. हाच तो माणूस, ज्याला बघितल्यावर तोडवणार नव्हतं. बिचाऱ्याला बघायला मिळालं होतं ते हे.

डाग्नीकाकू किटली घेऊन आल्या. त्यांनी साहेबांच्या कपात कॉफी ओतली, आणि कपावरची नजर न काढता म्हणाल्या, "आयनार, तुला चक्की हवी की तिचं नाव?"

काकांनी एकदा पात्यांकडे बघितलं. मग ते टेबलाशी आले. "नाव तुम्ही ठेवून घ्या," ते साहेबांना म्हणाले आणि त्यांनी सही केली. चाळीस वर्षं सुरी धरलेला हात, पण ते नाव लिहायला त्याला जो वेळ लागला, तेवढ्यात एक जोडा कोरून झाला असता. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि केक न घेता गुलाबांकडे जाऊन उभे राहिले.

सव्वाचार वाजता समोरच्या घरावरच्या निशाणाचं एक टोक हललं.

मी मीटरपाशी हत्यारं आवरत होतो. सुलटी धावणारी चकती मंद झाली. मग आणखी मंद. मग थांबली, जरा विचार केल्यासारखी. आणि उलटी निघाली.

मी वळलो तर मागे इंजिनियर ब्रिक्स उभे होते, हातात सातव्या केकची बशी. कधी आले कळलं नाही. ते चकतीकडे बघत होते. अख्खी सिगरेट ओढून होईल इतका वेळ ते बघत होते, आणि तेवढ्या वेळात त्यांनी केकचा एक घासही घेतला नाही. वर पात्यांचा आवाज बदलला होता. मोटर आता ओढत नव्हती, तिला ढकललं जात होतं.

"वायरमन," ते हळूच म्हणाले, "तुला हे मीटर दिसतंय?"

"नाही साहेब."

"मलाही नाही. शनिवारी चारनंतर मला काही दिसत नाही. युनियनने मिळवून दिलेली सवलत आहे." मग ते गुलाबांपाशी गेले. "बुंडगोर, ती पाती कशाने कोरली?"

"जोड्यांच्या सुऱ्यांनी."

"तिन्ही डावी?"

"तिन्ही."

साहेबांनी मान डोलावली आणि तशीच डोलावत राहिले. एवढंच. पण काका परत आले तेव्हा त्यांनी दोन केक घेतले.

अध्यक्षांना मात्र चारनंतरही दिसत होतं. "उलटं!" ते मीटरसमोरून ओरडले. "साहेब, उलटं फिरतंय! तोडा!"

"अध्यक्ष," साहेब पक्कड बॅगेत ठेवत म्हणाले, "पंखा उलटा फिरवावा की सुलटा, याबद्दल नियम नाही. तो पंखाच नाही असं तुमचं म्हणणं असेल तर इतिवृत्त बदलावं लागेल. त्याला चौदा दिवसांची सूचना, सर्वसाधारण सभा, आणि सगळ्या गावासमोर तुम्ही स्वतःच्या हाताने 'पंखा' हा शब्द खोडायचा. मोठ्या अक्षरांत घेतलाय, जरा वेळ लागेल."

अध्यक्षांनी आपल्या शेडकडे बघितलं. तिथे आठशे डुकरं शेजाऱ्याच्या उपकाराची हवा खात पडली होती आणि त्यांना त्याची लाज नव्हती. अध्यक्षांनी कोट घातला, गुंड्या लावल्या आणि घरी गेले.

ऑक्टोबरपर्यंत माझ्याकडे अकरा अर्ज आले. सगळे पंख्याचे. सगळे घराबाहेरचे, दहा मीटरचे. एवढा उकाडा सहन करत ही माणसं इतकी वर्षं इथे कशी राहिली, कळत नाही. मी खुणा केल्या आणि अर्ज ठरल्याप्रमाणे अध्यक्षांपुढे ठेवले. त्यांनी अकराही अर्जांवर सह्या केल्या, कारण एका पंख्याला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणायला कारण लिहावं लागतं.

पाती कोरायला सगळे अर्थातच आयनारकाकांकडे. तिथे काकांचा एक नियम होता. माणूस दारात येऊन 'पंखा' म्हणाला की ते म्हणत, "तालुक्याला दुकान आहे, छान पंखे मिळतात." आणि दार लावून घेत. दाराबाहेर उभं राहून 'चक्की' असं मोठ्याने म्हणावं लागे, मगच माप घेतलं जाई. कागदावर काय लिहायचं ते वायरमनला विचारा, त्याला रकाने कळतात, असंही सांगत.

बारावा अर्ज नोव्हेंबरात आला. अर्जदार: वाल्डेमार टोफ्टगोर. यंत्र: पंखा. कारणाचा रकाना कुणी भरत नाही, पण यांनी भरला होता: 'शेजाऱ्याची परतफेड.' ते काकांच्या दाराबाहेर उभे राहिले, टोपी हातात घेऊन. आत काकूंची कॉफी होऊन गेली, दुसरी ठेवून झाली, तरी त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ते म्हणाले. खूप हळू म्हणाले.

"काय?" काका आतून म्हणाले. "वारा फार आहे, ऐकू येत नाही."

"चक्की!" अध्यक्ष ओरडले, इतक्या जोरात की तिकडे शेडमध्ये डुकरं उठून बसली.

दार उघडलं. "डावी की उजवी?" काकांनी विचारलं, आणि शाळा सुटल्यापासून प्रथमच ते दोघे एकाच बाकावर बसले.

पुढल्या जूनमध्ये हिरवी कार्डं गेली. डाग्नीकाकूंनी मीटर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि जे दिसलं तेच लिहिलं: ४१,६५५. अध्यक्षांनी कार्ड दोनदा वाचलं. या वेळी त्यांनी ते परत पाठवलं नाही, कारण आकडा कमी कशाने झाला हे काकूंनी शेऱ्याच्या जागेत आधीच लिहून ठेवलं होतं.

'यंदा उकाडा नव्हता. पंखा फारसा लागला नाही.'